मग तिसऱ्या माणसाचं काय?

वेणूबायला पिक्चर फार आवडायचे, पण पिक्चरचे शेवट तिला कधीच पटले नाहीत. डहाणूजवळच्या वरोरच्या किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत टाकले की कावळ्या-कुत्र्यांची राखण करत बसावं लागतं, आणि नुसतं बसून माणसाचं डोकं फिरतं. म्हणून भाची किंजल तिला मोबाइलवर पिक्चर भरून द्यायची. हिंदी, गुजराती, मराठी, भाषा कुठलीही चालायची. पिक्चर हसवणारा हवा आणि प्रेमात पडलेली माणसं तीन हवीत, एवढीच अट. त्यातही सरळसाधी तीन नकोत. बाप आणि मुलगा एकाच डॉक्टरणीवर भाळलेत, नाहीतर नवऱ्याच्या पहिल्या बायकोची दुसरीशी गट्टी जमलीय, असलं काही वाकडं असलं की वेणू जेवणसुद्धा विसरायची.

शेजारी संगिता असायचीच. पिक्चरच्या शेवटी दोघांचं जमलं, गाणं झालं आणि तिसरी हसत हसत विमानात बसली, की वेणू मोबाइलवरच डाफरायची.

"हसत गेली म्हणे! घरी जाऊन काय जेवली ती, ते दाखवा की!"

"अगो, तिला पण कोणीतरी भेटला असंल," संगिता म्हणायची.

"भेटला असता तर दाखवला नसता? तिसऱ्या माणसाचं काय झालं, ते कोणी सांगतच नाय."

वेणू पन्नाशीची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बोईसरला कंपनीत, सुनेसकट तिकडेच. संगिता तिच्याहून लहान, चव्वेचाळीसची. आईच्या आजारपणात तिचं लग्नाचं वय निघून गेलं, आणि आई गेल्यावर तिच्या लग्नाचा विषय काढणारं कोणी उरलंच नाही. दोघी मिळून सुकी मासळी उधव्याच्या आठवडे बाजारात विकायच्या. गोणपाट एकच अंथरलेलं, तराजूही एकच, पाट्या मात्र दोन. बाजारातले लोक एकीला हाक मारायचे आणि दुसरीशी बोलायचे, इतक्या त्या जोडीच्या झाल्या होत्या.

त्यांना नेणारा टेम्पो उमेशचा. उमेश उधव्याचाच, भात-नागलीची शेती करणारा, विधुर. बाजाराच्या पहाटे तो भाजी घेऊन डहाणूला यायचा आणि परतताना किनाऱ्यावरच्या बायकांना मालासकट न्यायचा, संध्याकाळी परत आणून सोडायचा. बाजारात उतरवून झालं की पिशवी घेऊन पहिलं गिऱ्हाईक म्हणून तोच उभा. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती नोट वेणू कपाळाला लावायची आणि पदरात बांधायची.

या भवानीचेही नियम होते. एकदा वेणूचा भाऊ काळू उधव्याला आला आणि सकाळी सकाळी जवळा मागू लागला. वेणूने त्याला भर बाजारात हाकललं. "भवानी परक्याच्या हातची लागते. घरच्या माणसाची भवानी चालत नाय. फुकट घे, पण दुपारी घे!" उमेश तेव्हा शेजारीच उभा होता.

होळीनंतर वेणूच्या ध्यानात एक गोष्ट आली. पूर्वी उमेशची भवानी कधी तिच्याकडे, कधी संगिताकडे असायची. आता तो न चुकता तिच्याच पाटीपुढे वाकत होता. संगिताच्या पाटीकडे बघतसुद्धा नव्हता. आणि उमेशचं नाव निघालं की संगिता उगाच तराजू पुसायला घ्यायची.

एवढे पिक्चर बघितलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं? उमेश वेणूवर भाळलाय, संगिता उमेशवर, आणि तिसरं माणूस कोण, तर आपली संगिता! वेणूला थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. या वयात कोणी आपल्यासाठी वाकतं म्हणजे काय चेष्टा आहे? तिने दोन दिवस आरशात पाहिलं. तिसऱ्या दिवशी मात्र तिने आरसा पालथा घातला. पुरुष काय, येतो आणि जातो. संगिता दुखावली तर गोणपाटावर शेजारी कोण बसणार?

मग वेणूने उमेशला हाकलायचं ठरवलं, तेही स्वतःच्या पद्धतीने. पुढच्या बाजाराला तिने त्याच्या पिशवीत तळाचे, वाळूने भरलेले बोंबील घातले. त्याने मुकाट्याने घेतले. त्यानंतरच्या बाजाराला तिने मोडलेल्या बोंबलांचा चुरा दिला. "छान आहेत, वेणूबाय," म्हणत तोही त्याने नेला. वेणूने कपाळावर हात मारला. वाळू खाऊनही हसतो म्हणजे रोग फारच वाढलेला दिसतोय!

शेवटी परतीच्या वाटेवर, चारोटीला चहासाठी टेम्पो थांबला आणि संगिता केळी घ्यायला रस्त्यापलीकडे गेली, तेव्हा वेणूने तोंड उघडलं.

"हे बघ उमेश, तू माणूस चांगला आहेस. पण मला काय लग्न करायचं नाय."

उमेशचा चहा पँटवर सांडला. "कोणाशी?"

"कोणाशी म्हणजे? तुझ्याशी!"

उमेश इतका घाबरला की दोन पावलं मागे सरकला. त्याचं ते तोंड बघून वेणूला कळून चुकलं की घोटाळा झालाय, आणि मोठाच झालाय.

"मग माझ्याकडेच भवानी का करतोस रे, मेल्या?"

"तुम्हीच बोलला होता ना," उमेश खाली मान घालून म्हणाला. "घरच्या माणसाची भवानी चालत नाय. मग संगिताकडं कशी करू?"

संगिताबाय नाही, नुसती संगिता. वेणू बाकड्यावर बसली आणि हसू लागली. किती दिवसांचा भार एकदम उतरला होता! हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, चहावाला बघायला लागला तरी तिला थांबता येईना. जन्मभर बाजारात बसलेली बाई, आणि भवानीचा साधा हिशेब तिला कळू नये! पिक्चरनी वाटोळं केलं होतं डोक्याचं.

"मग विचारलंस का तिला?"

"होळीलाच विचारलं. ती हो बोलत नाय. बोलते, वेणू एकटी पडेल."

वेणूचं हसू थांबलं. तिसरं माणूस कोण, ते आता तिला कळलं. रस्त्यापलीकडून केळी घेऊन संगिता येत होती. ती जवळ येताच वेणू तिच्यावर तुटून पडली. "माझ्यावर उपकार करतेस काय गो? मला काय कावळे नेतायत? पुढच्या बाजाराच्या आत हो बोल, नायतर गोणपाट फाडून वेगळी बसते!"

संगिता रडली, मग हो म्हणाली.

लग्न उधव्याला झालं. वेणू मांडवात इतकी नाचली की तिचे गुडघे चार दिवस ठणकत होते. त्यानंतरच्या बाजाराला टेम्पो आला नाही. नवीन जोडपं देवदर्शनाला गेलंय, असा निरोप होता. वेणूने सवयीने दोन्ही पाट्या भरल्या, मग स्वतःलाच शिव्या घातल्या आणि एकच पाटी घेऊन एसटीने निघाली. शेतकऱ्याच्या घरची सून आता बाजारात मासळी विकायला कशाला बसेल? उमेशची आई जानी बसू देईल का? गाडी तलासरी सोडून पुढे निघाली तशी वेणूने पिक्चरमधल्या बाईसारखं हसून बघितलं. जमलं नाही. विमानातली ती बाई कशी काय हसायची, देव जाणे.

बाजारात शिरली तर गोणपाट अंथरलेलं. मध्ये तराजू मांडलेला. संगिता हिरव्या चुड्यात आपल्या जागी बसलेली, आणि वेणूच्या जागेवर कोणी बसू नये म्हणून तिथे पाण्याची कळशी ठेवलेली. समोर एक गिऱ्हाईक कंटाळून उभं होतं.

"थांब बाबा जरा," संगिता त्याला सांगत होती. "वेणू आल्याशिवाय भवानी नाय. माल पण तिच्याकडंच आहे." मग तिला वेणू दिसली. "एवढा उशीर? आम्ही रातीच परत आलो. सासूबाय सकाळपासून मलाच ओरडतेय, बाजाराला जा, जागा जाईल म्हणून!"

वेणू पाटी उतरवून, कळशी बाजूला सारून आपल्या जागी बसली, आणि तेवढ्यात उमेश पिशवी घेऊन आला. जुन्या सवयीने तो तिच्याच पुढे वाकला आणि नोट धरली.

वेणूने त्याचा हात बाजूला सारला.

"ठेव ती खिशात. तुझी भवानी चालत नाय आता." तिने वरचे, मोठे, स्वच्छ बोंबील निवडून त्याच्या पिशवीत भरले. "फुकट घे, पण दुपारी ये असं सांगणार होते. आज राहू दे. घेऊन जा. आणि जानीबायला सांग, ह्या वेळी वाळू नाय."