आक्काचा उपास

आमच्या आक्काला कोरडी भाकरी बघवत नसे. आक्का म्हणजे वडिलांची थोरली विधवा बहीण. पौडला आमच्याच घरी राही. पाहुणा असो की दारावरचा वैदू, भाकरीवर तुपाची धार धरल्याशिवाय ती ताट पुढं सरकवत नसे. "कोरडं खाल्लं की मन बी कोरडं हुतं," म्हणायची. स्वतःही चांगली गुबगुबीत. तिच्या मांडीवर झोपायला आम्हा पोरांची भांडणं लागत.

एका उन्हाळ्यात तिच्या चोळीच्या बाह्या लोंबू लागल्या. पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, कॅन्सर आहे आणि तो शस्त्रक्रियेच्या पलीकडं गेलाय. आक्काला एवढंच म्हणाले, की ही गाठ अंगातली चरबी वितळवते आणि तिच्यावर पोसते. गाठीचं हे खाणं तोडणारं औषध अजून निघालेलं नाही.

आक्कानं तेवढंच धरून ठेवलं. घरी येताच आईला म्हणाली, "औषध नसंल तर नसू दे. माजंच तूप खाऊन माजलंय मेलं. बगते किती दिस उपाशी ऱ्हातंय."

त्या दिवसापासून तूप, दूध, दाण्याचं कूट, सगळं बंद. तिला फक्त लेकीच्या, सिंधूच्या पहिल्या बाळंतपणापर्यंत राहायचं होतं. आम्हाला वाढताना धार तशीच धरायची आणि स्वतः कोरडा घास पाण्याबरोबर ढकलायची. गावानं तिच्या निग्रहाचं कौतुक केलं. कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टर वडिलांवर चिडलेच. गाठ उपाशी राहत नाही, ती बाईंच्या अंगातलंच ओढून घेते, जाईल तेवढं तूपदूध द्या, म्हणाले. आक्का ऐकत होती.

"मंग उपाशी मीच ऱ्हायले व्हय?" तिनं विचारलं.



हल्ली वाचते, की कॅन्सरच्या पेशींची चरबीची रसद तोडणारी औषधं शोधताहेत. म्हणजे आक्काचा डाव अगदीच खुळा नव्हता. पण घास सोडण्यापलीकडं तिच्या हाती होतं काय?

घरी आल्यावर आईनं दुधात तूप घालून वाटी तिच्यापुढं धरली. वासानंच तिला उमासा आला. सिंधू बाळंतपणाला आलेली, उशाशी बसली होती. आक्कानं वाटी तिच्याकडं सरकवली.

"तू पी. तुज्या पोटातल्याला उपाशी ठिवू नको."

सिंधू रडत रडत सगळं प्यायली. तिचं बाळंतपण माझ्या आईनं केलं. आक्का तोवर राहिली नाही.