भटूच्या जीपमधले राग

त्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "छातीत जळजळतंय. रात्रीच्या भरिताचं असेल. तू जा." मी गेले.

शहाद्याच्या पुढे असलेल्या पुरुषोत्तमनगरहून धडगावच्या शाळेत आम्ही काही जण भटूच्या जीपने अप-डाऊन करतो. घाट, उशीर आणि गर्दी, त्यामुळे रोज कोणाचा तरी पारा चढतोच. असे किस्से इतके साठलेत की एक काढला की चार निघतात. त्या दुपारीही डबे खाताना तेच चाललं होतं. मी हसत होते, पण लक्ष खिडकीच्या चौकटीत ठेवलेल्या फोनकडे. तिथेच काय ती रेंज येते.

*

भटूची आरोळी एकच, "एकच सीट बाकी शे!" माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली तरी एकच सीट बाकी.

नवे ग्रामसेवक पहिल्याच दिवशी चिडले. जीपभोवती येरझारा घालत ओरडले, "ही तुझी एक सीट भरणार तरी कधी?"

भटू म्हणाला, "तुम्ही बसनात का भरनी, साहेब!"

*

आमच्या शाळेतल्या हंसाबेनला घाट लागतो. एकदा खिडकीसाठी ती एका गृहस्थाशी कडाकडा भांडली. "तुम्ही पुरुष माणूस, तुम्हाला खिडकी कशाला?" तो बिचारा मुकाट्याने सरकला.

घाटात उलटी झाली ती त्यालाच. आणि खिडकीपर्यंत पोचायला मध्ये हंसाबेन!

तेव्हापासून ती शेजाऱ्याला आधी विचारते, "भाऊ, तुम्हाला लागते का?"

मी फोन उचलून पाहिला. घरी दोनदा लावला होता, उचलला नव्हता. झोपले असतील.

*

पाटील सर, आमचे मुख्याध्यापक. एकदा मीटिंगला उशीर होत होता आणि रस्ता शेळ्यांनी अडवलेला. सर खाली उतरले आणि शेळ्यांमागच्या म्हातारीवर बरसले. नियम, वेळ, शिस्त, सगळं ऐकवलं. तिला मराठी येत नव्हतं. तिने शांतपणे ऐकलं, कमरेच्या फडक्यातून भाजलेलं कणीस काढलं आणि सरांच्या हातात दिलं.

भटूला तिची पावरी बोली समजते. तो म्हणाला, "सर, आजी म्हणस, हाऊ सकायपासून उपाशी दिखस."

"आणि खरंच उपाशी होतो हो!" सर आम्हाला सांगत होते, तेवढ्यात खिडकीतला फोन वाजला.

धाकटे दीर. "वहिनी, दादाला शहाद्याला दवाखान्यात नेलंय. या." लाइन कटली.

*

सर आणि हंसाबेन माझ्याबरोबर निघाले. स्टँडवर भटूची आरोळी चालूच होती.

"माझ्या नवऱ्याला दवाखान्यात नेलंय आणि तुला सीटा भरायच्यात?" मी सगळ्यांदेखत ओरडले.

भटूने अर्धी रिकामी जीप काढली. सुरुवातीला पळवलीही. घाटात रेंजच्या वळणावर त्याचा फोन वाजला. गाडी थांबवून तो उतरला आणि लांब जाऊन बोलला. परत आल्यावर पुढे बसलेल्या सरांच्या कानाशी वाकला. मग गाडी हळू झाली.

"गप्पा मारून झाल्या ना? आता पळव!"

"मॅडम, घाट शे."

"रोज नसतो का घाट? तुझी बायको दवाखान्यात असती तर अशीच हाकली असतीस?"

त्याने गाडी तशीच हळू ठेवली. हंसाबेन खिडकीपाशी बसली नव्हती, माझा हात धरून बसली होती.

घाट उतरला. फाट्यावर माणसं हात करत होती. भटूने एकालाही घेतलं नाही. सर म्हसावदला राहतात, त्यांचं घर मागे गेलं. ते उतरले नाहीत.

शहादा आलं. मी म्हटलं, "दवाखान्याकडे वळव."

जीप सरळ पुढे गेली.

"अरे, दवाखाना मागे राहिला! बहिरा झालास का?"

भटूने आरशात पाहिलं नाही. मला कायम मॅडम म्हणणारा तो माणूस म्हणाला, "ताई, घर जानं शे."

*

मी अजूनही भटूच्याच जीपने जाते-येते. त्याला "माझं चुकलं" म्हणायचं राहिलंय.