रिक्रुटांच्या आचाऱ्याचा ताप

आधी नाव घेतो ते सुमन सिस्टरांचं. जुन्नरजवळच्या एका उपकेंद्रावर त्या नर्स होत्या. देवाचं नाव त्यांच्यानंतर घेतो, आणि देवाची त्याला हरकत नसावी.

मी किनवटकडचा. सातवीत शाळा सोडली आणि फिरत फिरत कढईपाशी येऊन थांबलो. पोलिसात भरती झालेल्या पोरांच्या ट्रेनिंगमध्ये मेसचा आचारी म्हणून लागलो, तेव्हा घरापासून इतका लांब आलो होतो की आई फोनवर विचारायची, तिथं आपली भाषा बोलतात का. स्वाइन फ्लूच्या त्या वर्षी पुण्यात माणसं तोंडाला फडकी बांधून फिरू लागली. बराकीतली गर्दी कमी करायची म्हणून आमची साठ रिक्रुटांची तुकडी जुन्नरबाहेरच्या एका मंगल कार्यालयात आणून ठेवली. पोरं वधूपक्षाच्या खोल्यांत झोपायची, कायद्याचा तास लग्नाच्या स्टेजवर व्हायचा. कवायत शिकवणाऱ्या हवालदारांना सगळे उस्ताद म्हणत. ते मास्कमधून हुकूम ओरडायचे, मास्क फुग्यासारखा फुगायचा आणि कुणाची हसायची टाप नव्हती. दोघांत दोन हातांचं अंतर ठेवायचं ठरल्यावर शेवटची रांग शेजारच्या टोमॅटोत जाऊन उभी राहायला लागली. शेताचा मालक रोज भांडायला यायचा, तोही दोन हातांवरूनच.

यात एक भीती सगळ्यांना होती. इथं एक जरी रोगी निघाला तर ट्रेनिंग बंद पडणार, पासिंग आउट परेड कधी होईल ते देवाला ठाऊक. पोरांच्या घरी पहिल्या पगाराची वाट बघणारे बसले होते.

आणि श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी ताप भरला तो मला, त्यांच्या आचाऱ्याला.

सांगावं तर पुण्याच्या वॉर्डात नेतील, आणि तिथून माणूस परत येत नाही असं मी पक्कं ऐकलेलं. लपवावं तर साठ पोरं माझ्या हातचं जेवणार. मला मामा म्हणणारी पोरं ती. माझ्याच्यानं ठरेना. स्वयंपाकघरात भीमाशंकराची तसबीर होती. तिच्यावर दोन फुलं पाण्यानं चिकटवली आणि कौल लावला: उजवं पडलं तर सांगतो, डावं पडलं तर गप्प बसतो. उजवं पडलं. मला वाटलं, नीट चिकटलं नसेल. पुन्हा लावलं, पुन्हा उजवंच. तिसऱ्यांदा मी उजव्या फुलाला कणीक लावली. आज लाज वाटते, पण खरं ते लिहितो. तेवढ्यात फोडणीच्या वाफेनं तसबीरच खाली आली. मी हात जोडून म्हणालो, देवा, तुझं मला कळेना, कुणालातरी पाठव.

दहा वाजता बाहेर गलका झाला, ताप मोजायला सिस्टर आल्यात. त्यांचा आमच्याकडचा वार गुरुवार. पण त्या दिवशी त्यांना दुसऱ्या गावाला जायचं होतं, एसटी आली नाही, म्हणून त्या चालत आमच्याकडे आल्या. मी मात्र देवाचे आभार मानायचे सोडून कोशिंबिरीच्या टोपलीतली गार काकडी उचलली आणि बनियनच्या आत उजव्या काखेत दाबून रांगेत उभा राहिलो.

मी हात जेमतेम सैल केला आणि सिस्टरांनी उजव्या काखेत थर्मामीटर सरकवला. पारा हलेना. त्यांनी झटकून पुन्हा लावला, मग डाव्या काखेत लावला. एकशे दोन.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "उजवीकडून तुमी परवाच गेलाय, आन डावीकडून भाजताय. विलाज कुठल्या बाजूचा करू?"

मी उजवा हात वर केला आणि काकडी खाली पडली. साठ पोरं मास्कमध्ये हसली. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी काकडी उचलून बघितली आणि हळूच विचारलं, "ही पोरांच्या ताटात जाणार व्हती का?"

त्या प्रश्नानं माझा ताप उतरल्यासारखा झाला, इतका मी गार पडलो. व्हय म्हणालो आणि रडलो.

पुढचं सगळं त्यांनी केलं. घशातला नमुना पाठवला. आमच्या तुकडीच्या साहेबांना समजावलं की माणसं आता इकडंतिकडं हलवाल तर रोग पसरेल, आहेत तिथंच ठेवा, मी रोज येऊन बघते. साहेबांनी ऐकलं. मला भटजींच्या खोलीत एकटं ठेवलं. टोपलीतल्या सगळ्या काकड्या पुरल्या. स्वयंपाक पोरांवर आला. उस्तादांनी तव्यापाशी तीन-तीनची रांग लावली आणि चपाती त्यांच्या हुकुमावर उलटायला लागली. मी खिडकीतून मीठ सांगायचो. तरी दोन दिवस पोरांनी खीर समजून कढी खाल्ली.

सिस्टर रोज चालत यायच्या, खिडकीबाहेर उभ्या राहून गोळी घेतली का विचारायच्या. एकदा मी म्हणालो, सिस्टर, तुम्हाला भीमाशंकरानं पाठवलं. त्या म्हणाल्या, "आमी बौद्ध हाये भाऊ. मला सरकारनं पाठवलंय, ते बी बिनगाडीचं." मग म्हणाल्या, "पर तुमाला तसं वाटून बरं वाटत असंल, तर वाटू द्या."

रिपोर्ट आला तोवर मी बरा होऊन दोन भाकरी खायला लागलो होतो. रोग तोच निघाला. पोरांपैकी एकालाही लागला नाही. परेड आठ दिवस उशिरा झाली, एवढंच. हे कसं झालं याचा मी खल करत नाही. देवानं मला तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा मी त्यालाच शिकवायला गेलो, एवढं कळतं. शरण जायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं असं मला वाटायचं. खरं तर शर्टाचं बटण काढून ताप दाखवायचा असतो.

पुढच्या श्रावणात भीमाशंकरला जाऊन अभिषेक केला. देवाचं फिटलं. सिस्टरांचं राहिलंय. मी खोलीत कोंडलेला, म्हणून त्यांनी माझ्या हातचा घास कधी खाल्लाच नाही. निरोपाच्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, रिटायर व्हायला अजून बरीच वर्षं आहेत. ज्या दिवशी होतील त्या दिवशी मी कुठंही असलो तरी येणार आहे, आणि त्यांच्या दारातल्या पंगतीचा सगळा स्वयंपाक माझा असेल. त्या दिवशी त्यांनी फक्त बसायचं, चालायचं नाही.