सुमतीबाई आणि तीन कौल

डॉ. सुमतीबाई हुलसूरकर यांची आणि माझी ओळख त्यांच्या तक्रारीतून झाली. हैदराबादेत, कोठी भागातल्या एका मराठी ग्रंथालयात त्यांचे व्याख्यान झाले आणि मी आमच्या दैनिकाला बातमी धाडली: ‘दख्खनच्या राजवटींच्या ज्येष्ठ अभ्यासक’. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. “अहो वार्ताहर, राजवटींची नव्हे, राजवटीखाली राहणाऱ्यांची अभ्यासक. तुम्ही शिकलात काय?” मी जरा ताठूनच सांगितले, संस्कृत. “अरे वा! आणि मोडी?” नाही म्हणालो. “मग गाव तुम्हाला दिसायचंच नाही. रविवारी या.”

त्याला अकरा वर्षे झाली. काचीगुड्याच्या त्यांच्या घरी मी अजून रविवारी जातो. व्याकरणाने जी नम्रता मला शिकवली नाही, ती मोडीने पहिल्याच महिन्यात शिकवली.

बाईंची शिकवण्याची रीत उलटी. जुने निवाडपत्र हाती दिले की त्या ते तळापासून वाचायला लावतात. “वरचं सगळं कारकुनाचं. गाव खाली आहे.” खाली पाटलाचा नांगर, शिंप्याची कात्री, अशा अक्षर न येणाऱ्यांनी काढलेल्या खुणा असतात. एका कागदावर कात्री इतकी दाबून काढली होती की कागद फाटला होता. मी म्हणालो, शिंप्याचा हात जड असेल. “शिंप्याचा? आणि हात जड?” बाई म्हणाल्या. “रागावलाय तो. निवाडा पटलेला नाही, पण खूण केल्याशिवाय सुटका नाही.” राज्य कुणाचे आले हे गावाला उशिरा कळे, ठाण्यात कारकून कोण आला हे आधी कळे, आणि कळल्यावर गाव हात जोडून बसत नसे, आपले डाव टाकत असे. हे बाईंनी अशाच कागदांतून, हयातभर, दाखवून दिले. आज त्यांची पंचाहत्तरी साजरी करताना मला मात्र त्यांच्या कामाची मी जवळजवळ केलेली हानी सांगायची आहे.

गेल्या वर्षी दिलसुखनगरात कोचिंग क्लास चालवणारे दिगंबरराव पाटील आपल्या घराण्याचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, बाईंना आठवड्यासाठी देऊन गेले. बीदरकडच्या त्यांच्या गावातून तो पिढ्यान्पिढ्या गाठ न सोडता आला होता. बाईंच्या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण त्यावर उभे राहायचे होते. त्या रविवारी बाई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. रुमाल टेबलावर उघडा होता. मी सद्‌भावनेने सगळे कागद सनावळीप्रमाणे लावून टाकले. दोन तास लागले. स्वतःवर प्रसन्न होतो.

बाई आल्या, पाहिले, आणि चष्मा काढून बसल्या. “हे कुणी केलं?”

“मी. कालानुक्रमे लावले. आता अडचण येणार नाही.”

“अडचण आत्ता आली हो.”

मग त्यांनी समजावले. रुमालात सर्वांत वर तीन कौल होते. कौल म्हणजे अभयपत्र: ‘पळून गेलात, परत या, शेते करा, उपद्रव होणार नाही.’ तिन्ही वेगवेगळ्या धन्यांचे, वेगवेगळ्या पिढ्यांतले. तरी पाटलांच्या घरात ते एकत्र, हाताशी ठेवले होते. फौज वेशीवर आली की ज्याची फौज, त्याचा कौल पुढे करायचा. गावाचे राजकारण मजकुरात नव्हते, त्या ठेवणीत होते. मी तिन्ही कौल तीन टोकांना नेऊन ठेवले होते.

“पण तुम्ही तर पाहिलेत ना?” मी म्हणालो.

“मी पाहिलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी. फोटो उद्या काढणार होते. माझ्या शब्दावर कोण कशाला विश्वास ठेवील? मी तरी दुसऱ्याच्या शब्दावर ठेवला नसता.” दिगंबरराव बुधवारी रुमाल न्यायला येणार होते. बाईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. चहा केला. तो चहा मला कसा गेला ते विचारू नका.

मंगळवारी सकाळी फोन. “या. आणि केरसुणीची एक काडी आणा. नवी.”

कागदांना कीड लागलेली होती. किडीने रुमाल वरून खाली, जरा तिरका पोखरला होता, त्यामुळे प्रत्येक कागदावर भोक केसभर सरकलेले. भोकाला भोक जुळवत, काडी अलगद घालून पाहत, आम्ही दुपारपर्यंत एकेक कागद बसवला. सर्वांत वर, भोके जुळून, आले ते तीन कौल. बाई कितीतरी वेळ नुसत्या हसत होत्या. “बघा,” त्या म्हणाल्या, “किडीला संस्कृत येत नाही, म्हणून तिने क्रमात हात घातला नाही.” मग प्रत्येक टप्प्याचे फोटो निघाले.

बुधवारी दिगंबरराव आले. त्यांना मराठी बोलता येते, वाचताना ठेचा लागतात. बाईंनी तिन्ही कौल त्यांना वाचून दाखवले. “मंजे आमचे आजे-पणजे तिघांनाबी हौ म्हणत होते?” ते थक्क झाले. “लैच हुशार की हो बाई!” निघताना त्यांनी विचारले, “सगळं जसं होतं तसंच आहे ना?” बाई म्हणाल्या, “आज आहे. मध्ये दोन दिवस नव्हतं. माझ्या घरात विस्कटलं, चूक माझी. कसं जुळवलं ते दाखवते, बसा.” आणि माझे नाव न घेता त्यांनी काडीसकट सगळे दाखवले. दिगंबरराव जाताना म्हणाले, “नक्को बाई, राहू द्या तुमच्याकडंच. माझ्या घरी इतकं कोन बघतंय?”

ते पुस्तक या महिन्यात आले. ऋणनिर्देशात माझ्याविषयी एक ओळ आहे: ‘यांच्यामुळे रुमालाचा मूळ क्रम पुराव्यानिशी सिद्ध करणे भाग पडले.’ माझ्याबद्दल इतके खरे आणि इतके दयाळू वाक्य दुसऱ्या कुणी लिहिलेले नाही.

संस्कृत शिकलेल्याने अशा प्रसंगी शंभर शरद मागायचे असतात. हैदराबादेत शरद कधी येतो आणि कधी जातो हे कळत नाही, म्हणून मी बाईंसाठी शंभर उन्हाळे मागतो. डोळ्यांची शस्त्रक्रिया उत्तम झाली आहे, गुडघेही त्यांचे ऐकतात. दिगंबररावांच्या चुलत्यांकडचा दुसरा रुमाल टेबलावर आला आहे. बाईंनी तो निवांत, पुरता वाचावा इतके आयुष्य आणि आरोग्य त्यांना लाभो. फोटो या वेळी आधी काढले आहेत.