झाडं निजवायचा दिवस

सफरचंदाच्या झाडाखाली कापितोलिना येगोरोव्हना कधी उभीच राहिली नव्हती. तिची झाडं तिच्या गुडघ्याएवढी. तिनेच ती तशी वाढवली होती.

सायबेरियात येनिसेई नदीच्या काठावरच्या त्या बागवाल्यांच्या सोसायटीत जवळजवळ सगळ्यांचीच झाडं आडवी. रोप लावतानाच तिरकं लावायचं. खोड जमिनीलगत सरपटू द्यायचं. उन्हाळ्यात ज्या फांद्या वर निघतील, त्या हिवाळ्याच्या तोंडावर वाकवून लाकडी आकड्यांनी खाली अडकवायच्या. मग बर्फ पडतो. बाहेर पारा उणे चाळीसच्या खाली जातो, झाड पांघरुणात असतं.

हे सगळ्यांना शिकवलं कापितोलिनाने. म्हातारे तिला कापा म्हणत, धाकटे कापाआजी. बंदरात ती क्रेन चालवायची. सारा जन्म उंचावर काढला आणि निवृत्त झाल्यावर गुडघ्यांना जाड लोकरी नमद्याचे तुकडे बांधून या कुंपणातून त्या कुंपणात रांगत फिरली. फांदी चुकीची वाकवली की हातावर चापटी. म्हणून झाडं निजवायचा दिवसही तीच ठरवायची. पानं गळलेली, फांद्या अजून लवचीक, दुपार उबदार, असा एक दिवस ती हेरायची आणि आपली पहिली फांदी वाकवायची. थोड्या वेळात प्रत्येक कुंपणामागे माणसं ओणवी झालेली असायची.

गेल्या जानेवारीत पाऊस पडला. जानेवारीत. बर्फ भिजला, गोठला, पुन्हा भिजला. वसंतात पांघरूण सरलं तेव्हा आंबूस वास आला. उकडलेल्या बटाट्याची निघते तशी झाडांची साल बोटाने निघत होती. सोसायटीतली निम्मी झाडं गेली. कापाचं एकच उरलं.

आणि रुडिकचं उभं झाड शेंड्यापर्यंत फुललं.

रुडिक, म्हणजे रुडोल्फ गाव्रिलोविच, तिचा शेजारी. जन्माचा आळशी. कंबर धरली, कंबर धरली म्हणत एका झाडाला त्याने कधी वाकवलंच नव्हतं. दर वसंतात कापा ते मेलं का, हे कुंपणावरूनच बघायची. ते मेलेलं नसायचं. ती म्हणायची, पुढच्या वर्षी मरेल.

यंदाचा दिवस उजाडला. उद्यापासून थंडी म्हणे रेडिओवर. सकाळपासून लोक कापाच्या कुंपणापाशी जमले.

"कापाआजी, वाकवायची ना आज?" पलीकडच्या बागेतल्या ल्यूबाने विचारलं.

"थांब जरा."

"अगं, इकडे ये तरी," रुडिक ओरडला. "चावत नाही ते झाड."

ती गेली. झाडाखाली उभी राहिली. वर बघितलं. फांद्यांमधून आकाश दिसत होतं आणि शेंड्याला काही सफरचंदं तशीच लटकत होती.

"ती का नाही काढलीस?"

"शिडी कुणाकडे आहे? सगळी सोसायटी तू रांगायला लावलीस."

"खरी थंडी आली की एका रात्रीत जाईल हे."

"दर वर्षी म्हणतेस. मीही हो म्हणतो. पण याला सांगायचं कुणी?"

तिने बुंध्यावर हात ठेवला. साल घट्ट होती. तिला राग यायला हवा होता. आला नाही. ती परत आपल्या कुंपणाशी आली. वाकवली आणि पुन्हा पाऊस पडला तर झाडं कुजणार. उभी ठेवली आणि पूर्वीसारखी थंडी पडली तर जळणार. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"मला माहीत नाही," कापा म्हणाली.

ल्यूबा हसली. मग हसायची थांबली.

"माहीत नाही म्हणजे?" म्हातारा त्रोफिम म्हणाला. "इतकी वर्षं चापट्या खाल्ल्या आम्ही. आता माहीत नाही?"

तो चिडला होता असं तिला आधी वाटलं. मग दिसलं की तो घाबरला होता.

कापा कुंपणाच्या आत गेली, आपल्या झाडापाशी बसली. एक फांदी वाकवली. कुंपणापलीकडे ल्यूबानेही एक वाकवली. कापाने सोडली. ल्यूबाने सोडली.

"माझ्याकडे बघू नकोस!"

"मग कुणाकडे बघू?"

कापाने स्टूल आणलं आणि झाडाकडे पाठ करून बसली. "आज तुम्ही आधी," ती सगळ्यांना म्हणाली. "मी शेवटी."

लोक कुरकुरले. उगीच इकडेतिकडे फिरले. कुणीतरी म्हणालं, म्हातारी दमली. मग एकेक जण आपापल्या झाडाकडे गेला. ल्यूबाने फांदी न् फांदी निजवली, मधूनमधून डोळे पुसत. त्रोफिमने अर्धं झाड निजवलं, अर्धं तसंच ठेवलं आणि दोन्हीकडे संशयाने बघत राहिला. रुडिक शीळ घालत होता. कापाने मान वळवली नाही.

सगळे उरकेपर्यंत ऊन टेकडीमागे गेलं. मग तिने गुडघ्यांना नमदा बांधला.

फांदी हाताला गार लागली. दुपारी सहज वाकली होती तीच. कापाने जोर लावला. आतून कर्र झालं. एका हातात आकडा होता. आणखी थोडी दाबली तर खाली टेकली असती, नाहीतर मोडली असती. दोन्हीपैकी काय, ते हाताला कळेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हाताला कळेना.

फांदी वर गेली. हलत राहिली. उभी राहिली.

"काय ठरवलंस गं?" कुंपणावरून रुडिकने विचारलं. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"मी सोडली की तीच सुटली," कापा म्हणाली, "तूच सांग."

बाकीच्या फांद्या अजून राहिल्या होत्या. अंधार पडत होता, आणि ती गुडघ्यांवर तशीच बसून होती.