भागूबाईच्या अंगातला चौदा नंबर

तिसगावच्या शिवारात बाया साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट चढवूनच रानात उतरतात. उन्हानं अंग भाजत नाही, पाल्यानं हात कापत नाहीत. कुणाच्या अंगात नवऱ्याचा चौकड्याचा, कुणाच्या अंगात लेकाचा शाळेचा. भागूबाईच्या अंगात मात्र लांब बाह्यांचा निळा शर्ट, पाठीवर चौदा आकडा, आणि तो चक्क भारताच्या फुटबॉल संघाचा. आता बोला.

शर्ट तिच्या धाकट्या भावाचा, सहादेवचा. सहादेव फौजेत गेला, तिथंच फुटबॉल शिकला आणि चाळीसेक वर्षांमागं देशाच्या संघाबरोबर परदेशी जाऊन आला. परतला तेव्हा पाथर्डीपासून जीपवर मिरवणूक निघाली, गुलालात माणूस ओळखू येईना. "किती गोल मारले?" असं जो तो विचारी आणि हा नुसता हसे. मग लोकांनीच त्याच्या नावावर एक गोल लावला. गाव येईपर्यंत त्याचे दोन झाले होते. कौतुक करायला बसलं की आपली माणसं हात आखडता घेत नाहीत.

त्या संध्याकाळी गोठ्यामागं सहादेव बहिणीपाशी ढसाढसा रडला. भागूबाई सासर सोडून कायमची माहेरी आली होती. भावाचं मन तिच्यापाशीच मोकळं व्हायचं.

"आक्का, मी खेळलोच न्हाई. सगळे सामने बाकावर बसून काढले. ह्या शर्टाला घामाचा थेंब लागला न्हाई. मला घालायची लाज वाटती. तू घाल रानात. आन् कुनाला सांगू नको."

तिनं शब्द दिला आणि शर्ट अंगात घातला. पुढं सहादेव अकाली गेला, त्याच्या मागोमाग बायकोही. आठ वर्षांच्या हर्षलला भागूबाईनं वाढवलं. बापानं देशासाठी गोल मारले, ही गोष्ट पोरगं गावाकडून ऐकत मोठं झालं. ती कधी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आई-बाप नसलेल्या लेकरापाशी तेवढंच एक होतं, ते कुठल्या तोंडानं काढून घ्यायचं?

हर्षल आता सुप्याला कंपनीत असतो. मागं त्यानं कांद्याच्या वाफ्यात वाकलेल्या आत्याचा पाठमोरा फोटो मोबाईलवर टाकला. तो फिरत फिरत पुण्याच्या समर्थपर्यंत गेला. या समर्थला जुन्या खेळाडूंचे शर्ट जमवायचा नाद. पुढच्या रविवारी हर्षल त्याला घेऊन थेट बांधावर हजर.

समर्थ पोरगा गुणाचा होता. भागूबाईच्या पाया पडला, शर्टाला हात लावायच्या आधी स्वतःचे हात पुसले.

"आजी, काचेच्या पेटीत ठेवीन. खाली सहादेवरावांचं नाव. पुण्यात प्रदर्शन भरवतोय."

हर्षलचे डोळे भरून आले. "आत्या, माझ्या बापाचं नाव लोक वाचतील गं."

भागूबाईलाही भरून आलं. भावाचं नाव काचेत, म्हणजे थोडं का झालं? तिनं वरची गुंडी सोडलीही.

"कॉलरवर घामाचे डाग आहेत," समर्थ निरखून म्हणाला. "सामन्यात घातलेल्या शर्टाची गोष्टच वेगळी असते. मी त्या दौऱ्याच्या नोंदी मागवतो. कोण खेळलं, किती वेळ खेळलं, सगळं मिळतं."

"मागवा की," हर्षल ऐटीत म्हणाला. "दोन गोल हायेत बाबांचे."

भागूबाईचा हात तिथंच थांबला. शर्ट दिला की कागद येणार, हर्षल ते वाचणार, आणि मेलेला बाप त्याच्या नजरेतून उतरणार. तिनं गुंडी परत लावली.

"मी द्यायची न्हाई."

"अगं, आत्ता तर..."

"न्हाई म्हनले ना. माझा शर्ट हाय. मला रानात लागतो."

समर्थनं समजावलं, नवे शर्ट घेऊन देतो म्हणाला. ती जागची हलली नाही. शेवटी तो बिचारा नमस्कार करून गाडीकडं गेला. हर्षल मात्र पेटला. आत्याला आजवर उलटून न बोललेला पोरगा, पण आज त्याचा तोल गेला.

"माझ्या बापाची एवढीच खूण हुती. काय कळतं गं तुला त्यातलं? त्याचा घाम हुता त्या शर्टात. तू कांदे काढून काढून स्वतःच्या घामानं त्याची वाट लावलीस."

किती सोपं होतं बोलून मोकळं होणं! एका वाक्याचं काम.

"व्हय बाबा," भागूबाई म्हणाली. "माझाच घाम हाय तो. सगळा माझाच."

हर्षल तिच्याकडं न बघता निघून गेला. भागूबाईनं विळा उचलला आणि ती पुन्हा वाफ्यात वाकली.