उंबऱ्याबाहेरचं वजन

"थांब तितंच. पायरीला पाय लावू नको."

म्हातारी ओसरीवरून बोलली. हातात तांब्या. मी खाली अंगणात, शेळीच्या खुंट्यापाशी. अंगावर आशाची साडी, खांद्याला सरकारी पिशवी. पिशवीत वजनाचा काटा, त्याला लावायची झोळी आणि थर्मामीटर. म्हातारीनं एक बारदान माझ्याकडं भिरकावलं. शेळीच्या मुताचा वास मारत होता त्याला. त्यावर बसायचं. मी बसले.

मी गावची आशा सेविका. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिच्या घरी जायचं. बाळाचं वजन करायचं, अंग तापलंय का बघायचं, अंगावर पितंय का बघायचं. आईलाही काय होतंय का विचारायचं. ह्याला गृहभेट म्हणतात. गृह त्यांचं, आणि भेट अंगणात. लई भारी शब्द आहे.

पारनेरच्या पुढं आमचं गाव. आमची बौद्ध वस्ती ओढ्याच्या पलीकडं. हे घर मळ्यातलं, चांगलं दोन मजली, दारात गाडी, मागं गाईंचा मोठा गोठा. माझा नवरा ह्यांचीच दुधाची पिकअप चालवायचा. त्यामुळं घरातून निघतानाच तो मला दम भरायचा.

"तितं त्वांड उघडू नको. ते म्हनतील तसं कर."

मी काय तोंड उघडणार? त्या दारात गेलं की माझी जीभच टाळ्याला चिकटायची. गोठ्यातलं कुत्रं गुरगुरायचं, त्याची भीती. म्हाताऱ्याची भीती, तो पंचायतीत बसणारा. एका शब्दानं माझं काम जाईल, ही भीती. पिशवीचा पट्टा घामानं ओला व्हायचा, इतकी मी भ्यायचे.

काटा माझ्या हातून घेण्याआधी म्हातारी त्याच्यावर पाणी शिंपडायची. मग ओसरीच्या तुळईला पाळण्याची कडी होती, त्या कडीला तीच अडकवायची. माझी झोळी चालायची नाही. बाळ त्यांच्याच गोधडीत गुंडाळून, गाठोडं बांधून आणायची आणि काट्याला लावायची. मी खालून मान वर करून आकडा वाचायचा.

पहिल्या खेपेला मी म्हणलं, "काकू, गोधडी काढता का? नुसत्या बाळाचं वजन लागतं."

"गार वारं लागंल पोराला. तुला काय कळतंय?"

बरं, म्हणलं. गोधडीचं वजन अंदाजानं वजा केलं. बाळ ठीक वाटलं. दुसऱ्या खेपेला काटा आणखी पुढं गेला. मला बरं वाटलं, म्हणून मी बोलून गेले, "छान भरतंय की बाळ!"

म्हातारीचा चेहरा एकदम उतरला. तिनं गाठोडं झटक्यात काढून पदराखाली घेतलं आणि आत पळाली. मला वाटलं, कौतुकसुद्धा ह्यांना आमच्या तोंडचं नको.

बाळाची आई मला कधी दिसायचीच नाही. ती कोल्हारकडची पोरगी, बारावी शिकलेली. पोटुशी असताना उपकेंद्रात यायची तेव्हा माझ्याच शेजारी बसायची. एकदा तिला चक्कर आली तर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिथं चालतं सगळं. इथं ती आतल्या खोलीत, दार ओढलेलं. मी अंगणातून विचारायचे, "ताई, अंगावर पितंय का बाळ? ताप-बिप न्हाई ना?"

आणि म्हातारी मोठ्यांदा बोलायची, "पितंय, पितंय! बाळंतीन ठनठनीत हाय!"

माझ्या मनाला काही हे पटत नव्हतं. उपकेंद्रातल्या सिस्टरांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "वजन वाढतंय ना? मग झालं. त्या घराशी वाकडं घेऊ नको बाई."

वजन वाढतंय. ह्या दोन शब्दांवर मी गप्प बसले.

पुढच्या खेपेला ऊन चांगलंच वर आलं होतं. म्हातारी गाठोडं घेऊन आली. त्या दिवशी बाळ रडत नव्हतं. कुरकुरसुद्धा नाही. तिनं काट्याला लावलं. मी आकडा वाचला. मागच्यापेक्षा जास्त.

मग मी बाळाचं तोंड बघितलं. गालाची कातडी लोंबायला लागलेली. ओठ सुकून चिकटलेले. डोळे अर्धे उघडे, पण कुणाकडं बघत नव्हते. काटा म्हणतोय पोर वाढलं, आणि माझ्या डोळ्यांपुढं पोर आटत चाललंय. वाटलं, मलाच येड लागलं का काय?

"काकू, जरा खाली घ्या. तोंड बघू द्या मला."

"लांबूनच बघ."

तिनं गाठोडं काढायला गाठ वर ओढली. गोधडी कलंडली आणि तिच्या घडीतून काहीतरी निसटून पायरीच्या फरशीवर आदळलं. खण्णकन आवाज झाला. शेळी बिचकली. कुत्रं भुंकत उठलं. मी दचकले.

बाळ दचकलं नाही.

फरशीवर अडकित्ता पडला होता. जुना, लोखंडी, चांगला जाडजूड. आमच्याकडं बाळाच्या उशाला लोखंड ठेवतात, बाहेरचं काही लागू नये म्हणून. सगळ्याच जाती ठेवतात. माझ्या आईनंही माझ्या पोरीच्या उशाला विळा ठेवला होता.

"लोखंड गाठोड्यात कशाला, काकू?"

"पोर उंबऱ्याभाईर काढताना लागतंय." म्हातारी माझ्याकडं न बघता बोलली. "आदी चाकू ठिवत हुते. त्या दिशी तू छान भरतंय म्हनलीस, मंग ह्यो ठिवला."

मला समजायला जरा वेळ लागला. बाळ बाहेर का काढायचे? कारण मला आत येऊ द्यायचे नाहीत. लोखंड का ठेवायचे? कारण समोर मी. मी चांगलं बोलले तर माझी नजर लागेल म्हणून आणखी जड लोखंड. आणि ते सगळं लोखंड मी बाळाचं अंग म्हणून वाचत होते. माझ्यापासून वाचवायला ठेवलेलं वजन बाळाला मारत होतं.

आणि खरं सांगते, पहिल्यांदा बाळाची नाही, माझीच काळजी वाटली. हे लेकरू गेलं तर काय म्हणतील हे लोक? तिनं छान म्हणलं आणि पोर गेलं, असंच म्हणतील. वस्तीवर येतील. नवऱ्याला गाडीतून खाली ओढतील. माझ्या पोरीला शाळेच्या रस्त्यात गाठतील. पळून जावंसं वाटलं मला. पिशवी तिथंच टाकून ओढ्याकडं पळत सुटावं, बास.

तेवढ्यात आतून आवाज आला. कण्हल्यासारखा. म्हातारी नेहमीसारखी मोठ्यांदा मध्येच बोलली नाही, तिचं ध्यान अडकित्त्याकडं होतं. म्हणून तो मला ऐकू आला.

"ताई... ओ आशाताई..."

मी पायरीवर पाय ठेवला.

"ए! ए! कुटं चालली?" म्हातारी आडवी आली.

"काकू, सरका. बाळ चाललंय हातातनं."

माझा आवाज चिरकला होता. पण तिच्या हातातून बाळ घेतलं आणि उंबरा ओलांडला.

खोलीत अंधार, शेगडीचा धूर, ओव्याचा वास. ती पोरगी बाजेवर पडलेली. हात लावला तर चटका बसला. छातीची एक बाजू दगडासारखी घट्ट, लालबुंद. बाळाला तोंडात धरताच येत नव्हतं. कापसाच्या बोळ्यानं साखरेचं पाणी पाजत होते त्याला. तिनं माझं मनगट धरलं ते सोडेना.

"ताई, मी दर खेपंला हाका मारत हुते. तुमाला ऐकूच येत न्हवतं का?"

मी मनगट सोडवून घेतलं. गोधडी सोडली. बाळाच्या फासळ्या दिसत होत्या. त्याला तिच्या उघड्या अंगाशी लावलं, वरून पदर घातला. वाटीत तिचं दूध काढलं, चमच्यानं ओठाला लावलं. थेंब आत गेला. गिळला. मी रडले तेव्हा, ढसाढसा.

मग म्हातारा दारात आला. गोठ्यातूनच आलेला, हातात काठी तशीच. नातू कसा आहे, असं विचारलं नाही त्यानं. सून कशी आहे, तेही नाही. त्याचा पहिला शब्द हा होता.

"हिला आत कुनी घेतली?"

काठीकडं बघत मी म्हणलं, "कुनी न्हाई घेतलं. मी आले. गाडी काढा, नगरला न्यायचंय दोघांना."

काठी थोडी वर आली. मला वाटलं, पडली आता पाठीत. पण मागून म्हातारी ओरडली, "आवो, गाडी काडा की!" तिनं बाळाच्या फासळ्या बघितल्या होत्या.

नगरच्या दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. दोघं जगली. आणि ज्या दिवशी मी आत गेले, त्याच दिवशी त्यांनी ती खोली, ओसरी, पायरी, सगळं गोमूत्रानं धुवून काढलं. नवऱ्याला सांगितलं, उद्यापासून गाडीवर येऊ नको. तो घरी येऊन माझ्यावर डाफरला, मग म्हणाला, "पोरगं वाचलं ना?" मी हो म्हणलं. तो जेवायला बसला.

बाळ-बाळंतीण परत आली तशी मी पुन्हा त्या अंगणात गेले. जायलाच लागतं. शेळी तिथंच. म्हातारी ओसरीवर तांब्या घेऊन उभी. बारदान आधीच टाकून ठेवलेलं.

"थांब तितंच," ती म्हणाली. पण ह्यावेळी आवाज जरा बारीक होता.

मी बारदान उचललं, घडी केली, खुंट्यावर ठेवलं.

"लोखंड उशाला ठेवा काकू, माझं काही म्हणणं नाही. माझ्या काट्यात नको. बाळ उघडं करून, आईच्या शेजारी बसून, माझ्या झोळीत वजन होईल. आत."

माझे गुडघे तेव्हाही कापत होते. आजही कुठल्याही मोठ्या दारात कापतात. कुत्र्याला भिते, काठीला भिते, पाठीमागं काय बोलतील त्याला भिते. कापू देत. पण आत कुणीतरी बाई मला हाक मारत असेल, आणि अंगणात ती हाक ऐकू येत नाही, हे मला आता माहीत आहे.

म्हणून मी अंगणात थांबणार नाही.